शेठची ओळ

इंदूरच्या सियागंज बाजारात मी पस्तीस वर्षं काढली, पण सांगितलेल्या भावाला कधी वस्तू घेतली नाही आणि सांगितलेल्या भावाला कधी विकलीही नाही. खानदेशातून इंदूरला आलो तेव्हा अंगावरचा शर्ट सोडला तर माझ्याकडे एकच गोष्ट होती, घासाघीस. हार्डवेअरच्या दुकानात पाइपांची बंडलं उचलता उचलता तिला धार आली. पुढे सांवेर रोडला ठिबकच्या नळ्या काढायचा स्वतःचा कारखाना उभा राहिला, तोही तिच्याच जोरावर. असा मी सहा वर्षं एका माणसाशी रोज सकाळी घासाघीस करत होतो, आणि एकदाही जिंकलो नाही. एकदा जिंकलो असं वाटलं होतं. माझी तक्रार नेमकी तिथेच आहे.

त्या माणसाला सगळे माटसाब म्हणायचे. मास्तरसाहेबाचं माळव्यात असं होतं. खरं तर ते मास्तर नव्हतेच. शेतकी कॉलेजात माती तपासायच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागले आणि मदतनीस म्हणूनच निवृत्त झाले. आजोबा पलटणीत होते, तेव्हापासून घर महूचं. बोलणं मराठी, पण हिंदीत भिजलेलं, माझं आता झालं आहे तसंच. कोणी ‘सर’ म्हटलं की ते म्हणायचे, “सर वरच्या मजल्यावर बसतात भिया. मी खाली माती चाळायचो.” पण प्रोफेसर लोक झाडांची पानं घेऊन त्यांच्याच टेबलाशी उभे राहायचे, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मीही तसाच एक पान घेऊन उभा राहिलो होतो.

पान माझ्या बागेतलं होतं. सांवेर रोडला कारखान्यांच्या भिंती संपतात, तिथून थोडं आत माझी आठ बीघे जमीन आहे. जमीन माझी म्हणतो, पण तेव्हा तिच्यात अर्धा वाटा मेव्हण्याचा होता. त्याला तिथे प्लॉट पाडायचे होते. मला पेरू लावायचे होते, मोठ्या फळाचे, थाई जातीचे. इंदुरात पेरूला जाम म्हणतात. सगळ्या सियागंजात तेव्हा एकच विनोद चालायचा की पाइपवाला आता जाम पिकवणार. मी भडकलो आणि भडकलेल्या डोक्याने मेव्हण्याला शब्द देऊन बसलो. तिसऱ्या वर्षी पहिला मोठा बहर येईल. त्याला एकरकमी चांगलं गिऱ्हाईक मिळालं तर बाग राहील आणि त्याचा वाटा मी विकत घेईन. नाही मिळालं तर झाडं काढून प्लॉट. हा शब्द मी दहा माणसांसमोर दिला होता, म्हणजे मागे घ्यायची सोय नव्हती.

आणि पहिल्याच वर्षी झाडांची पानं कडेने करपायला लागली. विस्तवाजवळ धरलेल्या कागदासारखी.

माटसाबांनी पान उजेडात धरलं, उलटं केलं आणि खत किती देता विचारलं. मी म्हणालो, चार किलो. चार्टप्रमाणे. चार्ट छापील होता, मराठीत होता, महाराष्ट्रातून मागवलेला होता आणि मला त्याचा फार अभिमान होता.

“चार किलो कशाला?” त्यांनी विचारलं.

मला प्रश्न कळला नाही. झाडांना, म्हणालो.

“ते समजलं. एकराला का बीघ्याला?”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्याच क्षणी मला त्या माणसाचा राग आला. चार्ट एकराचा होता. बागेवर राहणारा राखणदार माळवी, त्याच्या सात पिढ्यांनी जमीन बीघ्यानेच मोजलेली. मी त्याला ‘चार किलो’ एवढंच सांगितलं, त्याने ते बीघ्याला धरलं. आमचा बीघा एकराच्या दोन तृतीयांशाहूनही लहान. म्हणजे झाडं लावल्यापासून दीडपटीहून जास्त खात होती. पाइप विकताना गिऱ्हाईक ‘दोनशे द्या’ म्हणालं तर ‘दोनशे काय, फूट का मीटर?’ म्हणून त्याच्या अंगावर ओरडणारा मी.

“महाराष्ट्रातून येणारा मराठी माणूस इथेच अडकतो,” माटसाब म्हणाले. “चार्ट तिकडचा, जमीन इकडची. पंधरा दिवस नुसतं पाणी द्या. झाडांना उपास घडू द्या.”

त्या आठवड्यात ते निवृत्त होणार होते. मी त्यांना बागेवर यायला सांगितलं आणि पगारासाठी तयारी करून बसलो. मनात एक आकडा ठरवला होता, ते जास्त मागतील, मी निम्म्यावर आणीन, मधे कुठेतरी ठरेल. त्यांनी माझ्या मनातल्या आकड्यापेक्षाही कमी मागितला. आता कमी काय करणार? मी हो म्हणालो आणि घरी येईपर्यंत आपण फसवले गेलो असं वाटत राहिलं. त्या माणसाने सुरुवातच अशी केली.

ते तेव्हा इंदुरातच, अन्नपूर्णेला राहायचे. तिथून सकाळी मोपेडवरून शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत यायचे. मागे डबा बांधलेला आणि डब्यात पोळीभाजी नव्हे, तर वजनं. जुनी लोखंडी वजनं, एका खाकी पट्टीत गुंडाळलेली. ती पट्टी आजोबांच्या पायाची होती म्हणे, पलटणीतली. मी इलेक्ट्रॉनिक काटा आणून दिला तर त्याच्याकडे त्यांनी पाहुण्याकडे बघावं तसं पाहिलं आणि म्हणाले, “हा सगळ्यांशी गोड बोलतो.” मग आपला तराजू टांगला.

बागेत शिरल्यावर प्रत्येक मालक पहिल्या झाडाकडे बघतो. माझी खुर्चीसुद्धा फाटकाजवळ, पहिल्या ओळीच्या सावलीत होती. माटसाब पहिल्या ओळीकडे बघायचेही नाहीत. थेट चालत शेवटच्या, चाळिसाव्या ओळीच्या शेवटच्या झाडापर्यंत जायचे. तिथे उकिडवे बसून ड्रिपरखाली स्टीलची वाटी धरायचे. वाटीवर त्यांच्या बायकोचं नाव कोरलेलं होतं, लग्नातल्या भांड्यांवर कोरतात तसं. ती जाऊन बरीच वर्षं झाली होती. हातात घड्याळ, खाली वाटी. ठराविक वेळात वाटी किती भरते ते बघायचं. पुढे डोस ठरून पाण्यातून खत सोडलं की ते या शेवटच्या झाडापर्यंत यायला किती वेळ लागतो ते बघायचं. त्यासाठी त्यांच्याकडे पेनाएवढं एक मीटर होतं, वाटीत बुडवलं की आकडा चढायला लागायचा. आकडा चढला की राखणदाराला हाळी द्यायचे, आणि खत संपल्यावरही तितकाच वेळ नुसतं पाणी चालू ठेवायला लावायचे.

“मालक पहिलं झाड बघतो,” ते म्हणायचे. “बाग शेवटचं बघते.”

मी नळ्या विकणारा माणूस. हजारो एकरांवर माझ्या नळ्या पसरल्या आहेत. पण माझ्या नळीच्या शेवटच्या भोकाशी वाटी धरून बसलेला पहिला माणूस मी तेव्हा पाहिला. पाहिला, आणि आतून छाती फुगली. बाहेरून म्हणालो, वेळ घालवता तुम्ही.

वाटीनंतर खुरपी. ड्रिपरखाली वीतभर माती उकरून ते मुळ्या बघायचे. पांढऱ्या असल्या तर हुं, तपकिरी असल्या तर हुं हुं. मग शेंड्यापासून तिसऱ्या जोडीचं पान खुडायचे, उजेडात धरायचे आणि शर्टाच्या खिशात टाकायचे. खिशात कायम वाळकी पानं. एकदा पोह्यांच्या गाडीवर त्यांनी पैसे काढायला खिशात हात घातला तर नोटेबरोबर चार पानं बाहेर आली. गाडीवाल्याने चौकशी केली तेव्हा म्हणाले, “ही माझी पोरांची प्रगतिपुस्तकं.” पोह्यांवर मी जीरावण मसाला ढीगभर घ्यायचो. ते चिमटीने घ्यायचे आणि माझ्या प्लेटकडे बघून मान हलवायचे. मला तेवढ्याने सुद्धा राग यायचा.

सगळं बघून झालं की आकाशाकडे बघायचे. ढग असले तर डोस कमी, कारण झाड ऊन नसताना पाणी ओढत नाही. वारा सुटला असेल तर वेगळा. फळ आवळ्याएवढं असताना एक खत, लिंबाएवढं असताना दुसरं. आणि मग आमची घासाघीस सुरू व्हायची.

“आज किती?” मी विचारायचो.

“अडीच. बीघ्याला.”

“तीन करा.”

“अडीच म्हणजे अडीच.”

“पावणेतीन करा, माटसाब. शेजारचा चार घालतो.”

तराजूत अडीच पडायचे. मी उठून जायचं नाटक करायचो, सियागंजात करतो तसं. फाटकापर्यंत जायचो. सियागंजात मागून हाक येते. इथे मागून वजनं गुंडाळल्याचा आवाज यायचा.

माझं गणित साधं होतं. जास्त माल घातला की जास्त माल निघतो. यंत्रात दाणे जास्त टाकले की नळी जास्त निघते, हे मी रोज बघत होतो. यावर ते म्हणायचे, “झाडाला भूक विचारायची नसते, शेठजी. पचन विचारायचं.” ते मला शेठजी म्हणायचे तेव्हा त्यात मान किती आणि टोमणा किती हे कधी कळलं नाही. माझ्यासारखा माणूस समोरच्याच्या आवाजावरून भाव ओळखतो. त्यांच्या आवाजावरून काहीच ओळखता यायचं नाही.

एकदा ते बुद्धपौर्णिमेच्या सुट्टीवर होते. वर्षातली ती त्यांची एकच सुट्टी. दुसऱ्या दिवशी घरून डबाभर खीर आणायचे, साखर बेताची. त्या दिवशी मी ठरवलं, आज डोस मी देतो. वेळ वाचावा म्हणून दोन खतं एकाच पिंपात कालवली, एक कॅल्शियमचं आणि एक फॉस्फरसचं. माझ्या डोळ्यांसमोर पिंपात दही लागलं. पांढरं, घट्ट. ते नळ्यांत गेलं आणि ड्रिपर बंद पडले. दुसऱ्या दिवशी माटसाबांनी पिंपात बोट बुडवून बघितलं, खिरीचा डबा माझ्या हातात दिला आणि दुसऱ्या हातात टाचण्यांची डबी. “दही तुम्ही लावलंत,” म्हणाले, “घुसळा आता.” त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी दुप्पट चढवला असता आणि उठून गेलो असतो. मग मी संध्याकाळपर्यंत मातीत बसून एकेक ड्रिपर उघडत होतो. तीन ओळी झाल्या. उरलेल्या त्यांनी हलक्या आम्लाने धुऊन काढल्या, एका तासात. आम्ल पहिल्यापासून त्यांच्या डब्यात होतं.

तिसऱ्या वर्षी बहर धरला. फळं सुपारीएवढी झाली असतील तेव्हा मेव्हणा येऊन गेला. नकाशावाल्याला बरोबर घेऊनच आला होता. त्याने बागेतून एक फेरी मारली आणि म्हणाला, “जिजाजी, शेजारची बाग काळीभोर दिसते. आपली अशी फिकी का?” शब्द साधे होते, पण मला रात्रभर झोप आली नाही. शेजारची बाग खरंच गडद होती. माझी बाग हिरवी होती, पण डोळ्यांत भरेल अशी नव्हती. एकरकमी घेणारं गिऱ्हाईक लांबून बाग बघतं आणि तिथेच मन ठरवतं, हे मला धंद्याने शिकवलं होतं.

तीन दिवस मी माटसाबांशी भांडलो. नुसती घासाघीस नाही, भांडलो. म्हणालो, बाग तुमच्या बापाची नाही. म्हणालो, प्लॉट पडले तर तुमचं काय जातं, तुम्ही महूला जाऊन पेन्शन खाल. ते वजनं गुंडाळत राहिले. चौथ्या दिवशी मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, “चला, अर्धा किलो तुमचा.”

तीन वर्षांत पहिल्यांदा तो माणूस हलला होता. मी राखणदाराला पाठवून जिलेबी आणवली. सियागंजात जाऊन सांगितलं की माटसाबांना वाकवलं. महिन्याभरात माझ्या खुर्चीमागची ओळ अशी फुटली की बघत राहावं. पानं रुंद, काळीभोर, फांद्या हातभर लांब, फळं मुठीएवढी चकचकीत. आल्यागेल्याला मी ती ओळ दाखवायचो. कोणी विचारलंच की आतल्या ओळी एवढ्या जोरदार का नाहीत, तर माझ्याकडे उत्तर तयार होतं. सुरुवातीला पाण्याला प्रेशर जास्त, मागे थोडं कमी, हे तर नळीचं शास्त्रच आहे. मी ते पाइपवाल्याच्या ऐटीत समजावून सांगायचो. माटसाब शेजारी उभे असायचे. ऐकायचे.

गिऱ्हाईक म्हणून आल्या त्या भोपाळच्या एका बाई. फळांच्या दुकानांची साखळी होती कुठली तरी, तिची खरेदी त्या बघायच्या. पन्नाशीच्या, पायात बूट, पर्समध्ये सुरी. मेव्हणा मुद्दाम आला होता, गाडीत नकाशे ठेवून. मी बाईंना माझ्या खुर्चीत बसवलं, चहा दिला आणि हाताने माझी ओळ दाखवली. बाई म्हणाल्या, चला, इथूनच सुरू करू. त्यांनी तीन झाडांची तीन फळं तोडली, कापली आणि एका छोट्या दुर्बिणीच्या काचेवर रसाचा थेंब सोडला. त्या दुर्बिणीतून फळाची गोडी दिसते. त्यांनी डोळा लावला. दुसऱ्या फळाचा थेंब, तिसऱ्या फळाचा. मग दुर्बीण पुसली.

“फल सुंदर है भाईसाब,” त्या म्हणाल्या. “पर अंदर पानी है. ये माल दो दिन नहीं टिकेगा.”

माझं डोकं तापलं. मी म्हणालो, तुमची दुर्बीण खराब आहे. म्हणालो, भाव पाडायच्या या युक्त्या मला शिकवू नका, मी सियागंजातला माणूस आहे. बाई शांतपणे पर्स बंद करायला लागल्या. मेव्हणा गाडीला टेकून हसत होता. मला आवाज चढवण्यापलीकडे काही सुचत नव्हतं आणि आवाज चढवला की बाई एक पाऊल मागे सरत होत्या. बाग माझ्या डोळ्यांदेखत चालली होती.

माटसाब मागच्या टोकाहून चालत आले. हातात वाटी. काय झालं ते त्यांनी बाईंच्या चेहऱ्यावरून ओळखलं असावं.

“मॅडम, ये लाइन बाग़ की नहीं है,” ते म्हणाले. “ये लाइन सेठजी की है.”

बाई थांबल्या. मीही थांबलो.

माटसाबांनी मग हिंदीत, प्रयोगशाळेत नोंद वाचावी तसं, सगळं सांगितलं. शेठजींना अर्धा किलो जास्त हवा होता. तो दिला. पण बीघ्याला नाही. सगळा मिळून अर्धा किलो, या एकाच ओळीच्या पंचावन्न झाडांना, बाकीच्या एकोणचाळीस ओळींच्या तोट्या बंद करून. म्हणजे या ओळीने दुप्पट खाल्लं. म्हणून पान काळं आहे आणि फळ पाणचट आहे. बाकीच्या बागेत या जास्तीच्या खताचा एक कण गेलेला नाही. “चलिए, आखरी पेड़ से शुरू करते हैं.”

माझ्याच तोट्या होत्या त्या. प्रत्येक ओळीच्या तोंडाशी मी हौसेने बसवलेल्या, माझ्या कारखान्यातल्या. आणि अर्धा किलो म्हटल्यावर ‘कशाला अर्धा, एकराला, बीघ्याला का बागेला?’ हे मी विचारलंच नव्हतं. त्याच खड्ड्यात दुसऱ्यांदा पडलो होतो. त्या क्षणी मला त्या म्हाताऱ्याची मान धरावीशी वाटली.

बाई त्यांच्यामागे गेल्या. चाळिसाव्या ओळीचं शेवटचं झाड. थेंब, दुर्बीण, डोळा. मग दुसरं झाड. मग मधली ओळ. मग त्या स्वतःच्या मनाने वाट्टेल तिथे शिरून फळं तोडायला लागल्या आणि तोडलेल्यातलं एक, पुसून, चावून खाल्लं. परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला होता. पण त्याही गिऱ्हाईक होत्या. माझ्यासमोर उभ्या राहून त्यांनी विचारलं, “तो बढ़वाया किसने था? आपने?”

मेव्हणा ऐकत होता. राखणदार ऐकत होता. नाही म्हणायला मला अर्ध्या क्षणात चार कारणं सुचली होती.

“हो,” मी म्हणालो. “मीच. ये नहीं मान रहे थे.”

“फिर तो पूरे बाग़ का भाव थोड़ा सोचना पड़ेगा,” बाई म्हणाल्या. म्हणजे घासाघीस सुरू झाली होती, माझ्या घरच्या मैदानावर. मला तो खेळ येत होता. वरचा भाव सांगायचा, रुसायचं, फाटकापर्यंत जायचं. पण माझं लक्ष माटसाबांकडे गेलं. ते तराजूच्या खाली बसून वाटी पुसत होते, जणू पुढे काय होणार याच्याशी त्यांचा संबंधच नव्हता. मी भाव सांगितला. आयुष्यात पहिल्यांदा, जो घ्यायचा होता तोच सांगितला. पहिली ओळ तुम्ही घेऊ नका, म्हणालो, बाकी एकोणचाळीस ओळींचा भाव एकच. बाईंनी थोडं खाली यायला सांगितलं. मी म्हणालो, एकच म्हणजे एकच. आणि गप्प बसलो. गप्प बसणं किती अवघड असतं ते मला तेव्हा कळलं. बाई फाटकापर्यंत गेल्या. मी हाक मारली नाही. त्या परत आल्या.

मेव्हण्याचे नकाशे गाडीतून बाहेर आलेच नाहीत. आज ती जमीन आठच्या आठ बीघे माझी आहे.

बाई गेल्यावर मी माटसाबांसमोर जाऊन उभा राहिलो. सगळ्यांसमोर माझी अब्रू काढलीत, म्हणालो. मला आधी सांगता आलं नसतं का?

“तुम्ही विचारलं नाही. तुम्ही अर्धा किलो मागितला. मी दिला.”

“आणि सगळ्या बागेला घातला असता तर?”

“तर आज प्लॉट पडले असते,” ते म्हणाले. “एक ओळ तुमच्यासाठी गेली तरी चालेल, असं मी ठरवलं होतं.”

बाग वाचवली त्याचे आभार मानायचे, की पंचावन्न झाडं माझ्या अकलेपायी ओवाळून टाकली म्हणून भांडायचं? मी भांडलो. तेच मला जास्त चांगलं येतं. आणि तक्रार अजून आहे, कारण गोष्ट तिथे संपली नाही. राखणदाराने एका पत्र्यावर ‘सेठ की लाइन’ असं रंगवून पहिल्या झाडाला टांगलं. माटसाबांनी तो पत्रा काढायला लावला नाही. उलट दर हिवाळ्यात कॉलेजची पोरं बाग बघायला यायची, त्यांना ते आधी शेवटच्या झाडाशी न्यायचे, मग पहिल्या ओळीशी आणायचे आणि म्हणायचे, “हे मालकाच्या प्रेमाने झालं.” पोरं हसायची. मी खुर्चीत बसलेला असायचो.

त्या ओळीची फळं मी सियागंजात वाटली होती. सगळे म्हणाले, वा, काय देखणी आहेत.

त्यानंतर तीन वर्षं ते यायचे. बाग वाढत गेली, गोडी वाढत गेली. आजूबाजूच्या गावांतून लोक विचारायला यायला लागले की पाइपवाल्याच्या जामात असं काय आहे. मी सांगायचो, नळी माझी, तोटी माझी, जमीन माझी. डोस कोणाचा हे विचारलं तर खुर्चीतून उठून, बोट दाखवून, शेवटच्या झाडाशी बसलेला माणूस दाखवायचो. बाकी कशासाठी मी खुर्चीतून उठत नाही. पण या माणसाने सहा वर्षांत मला एकदाही चांगलं म्हटलं नाही. फळ चांगलं आलं की म्हणायचे, ऊन चांगलं होतं. नळी चांगली चालली की म्हणायचे, पाणी स्वच्छ होतं.

मग गुडघे गेले. मोपेड सुटली. मुलाने त्यांना महूला नेलं. जायच्या दिवशी मला वाटलं, वजनं मला देतील, निदान वाटी. दोन्ही बरोबर घेऊन गेले. पुढचे काही महिने मी रोज सकाळी आठला फोन करायचो. मुळ्या कशा दिसतात, तिसरं पान कसं आहे, आकाश कसं आहे, सगळं सांगायचो आणि ते आकडा सांगायचे. मी वाढवून मागायचो. सवय. ते नाही म्हणायचे. राखणदार म्हणतो की शेठजी फोनवर बोलताना शेवटच्या झाडाशी उकिडवे बसतात. मला ते ठाऊक नव्हतं.

या हिवाळ्यात एकदा ढग आले होते. मी फोन लावला, मुळ्या सांगितल्या, पान सांगितलं, ढग सांगितले.

“मग किती?” ते म्हणाले. आजपर्यंत हा प्रश्न माझा होता.

“दीड,” मी म्हणालो.

“दीड कशाला?”

“बीघ्याला. चाळीसही ओळींना सारखं. पत्र्यावालीलासुद्धा.”

ते म्हणाले, “दोन करा की.”

मला क्षणभर कळेना की कोण बोलतंय. त्या माणसाने आयुष्यात कधी वाढवून सांगितलं नव्हतं. मी वर बघितलं. ढग होतेच. ड्रिपरखाली लावलेल्या, घरून आणलेल्या वाटीत बघितलं. मुळ्या सकाळीच बघितल्या होत्या.

“दीड म्हणजे दीड,” मी म्हणालो.

मला वाटलं आता तरी चांगलं म्हणतील. सहा वर्षं राबलोय, एक शब्द म्हणायला काय जातं?

“मग मला कशाला फोन करता?” ते म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी पुन्हा लावला. पहिली घंटी पुरी व्हायच्या आत त्यांनी उचलला.